फ्रान्सात तुमचा धंदा सांगितला

प्रिय अण्णा,

फ्रान्सहून परत येऊन आज आठ दिवस झाले. सकाळी आईला भेटायला रेवदंड्याला गेले, तर चहाचा कप हातात द्यायच्या आधी तिने विचारलं, "त्याला कळवलंस काय गो?"

मी म्हटलं, "कुणाला?"

"तुज्या बापाला. दुसऱ्या कुणाला?"

तुम्ही जाऊन दीड वर्ष झालं. पण आईच्या बोलण्यात तुम्ही अजून कुठेतरी दिघीबिघीला गेलेले असता आणि संध्याकाळच्या गाडीने यायचे असता. मला लिवता आलं असतं तर मीच लिवलं असतं, म्हणाली. म्हणून अलिबागला घरी येऊन वही काढली. तिने टोकलं नसतं तरी लिहिणारच होते म्हणा. तुमच्यावर माझा एक राग आहे, आणि तो तिथल्या एका तळघरापासून माझ्याबरोबर विमानात बसून इथवर आलाय.

सगळं क्रमाने सांगते. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली, लक्ष्मीपूजन उरकलं आणि मी आईला घेऊन निखिलकडे निघाले. हे आले नाहीत. घराला कुलूप नको म्हणाले, पण खरं कारण विमान. निखिल आता फ्रान्समध्ये लियाँला आहे हे तुम्हाला माहीत आहेच, त्याला सोडायला तुम्ही मांडव्याच्या जेट्टीपर्यंत आला होतात. तुमची नातसून मृणाल तिथल्याच एका प्रयोगशाळेत लागलीय. दोघांनी आम्हाला खूप फिरवलं, पण तुम्हाला सांगायचा आहे तो एकच दिवस, रविवारचा, द्राक्षाच्या मळ्यांचा.

निखिल म्हणाला, तासाभरावर बोजोले नावाचा डोंगराळ भाग आहे, सगळी वाइन करणारी गावं. मला हसू आलं. तीस वर्षं मी फळ्यावर फ्रान्सचा नकाशा काढून खालच्या अर्ध्यात 'द्राक्षे' असं लिहीत आलेय, आणि मुलं ते पाठ करत आलीयत. त्या शब्दात प्रत्यक्ष जाऊन उभं राहायचं होतं. आईने पायात निखिलचे लोकरी मोजे, लुगड्यावर त्याचंच जाकीट आणि डोक्याला मृणालची टोपी असा थाट केला. गाडीत बसताना म्हणाली, तुज्या बापानं बघितलं असतं तर तीन दिवस हसला असता. हसला असतात ना?

रस्ता सुंदर होता. पिवळ्या दगडांची घरं, टेकडीवर टेकडी, आणि सगळ्या उतारांवर द्राक्षाच्या रांगा. पानं लाल-पिवळी होऊन गळायला आली होती. आईने काच खाली करून बराच वेळ पाहिलं आणि तिचा विरस झाला. "एवढीशी झाडं? कमरेला न्हाय लागत. ह्याला चढतात कुठं?" निखिल म्हणाला, चढत नाहीत आजी, वाकतात. "मग ह्यांची कंबर मोडत असंल," असं म्हणून तिने काच वर केली. तिच्या लेखी विषय संपला.

दुपारी एका मळ्याच्या कडेला दगडी बांधावर बसून आम्ही जेवलो. आईने पहाटे उठून मृणालच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापल्या होत्या, आणि जवळ्याची चटणी आम्ही इथून नेली होती. डबा उघडला तसा बोजोलेच्या त्या थंड हवेत आपल्या बंदराचा वास पसरला. सायकलवरून चाललेल्या एका म्हाताऱ्याने वेग कमी केला, नाक वर केलं, आणि टोपी काढून आम्हाला काहीतरी म्हणाला. निखिलने सांगितलं, तुमचं जेवण छान होवो म्हणाला. आईने त्याला भाकरी दाखवून "ये" म्हटलं. तो आला नाही, पण वळणापर्यंत मागे बघत गेला.

मग आम्ही वाइन करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. लहानसा मळा, घरचाच कारभार. बाई माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील, बूट चिखलाने भरलेले, हात खरबरीत. निखिल त्यांना मादाम म्हणत होता, म्हणून आम्हीही मादाम म्हणू लागलो. त्या थोडं अडखळत इंग्रजी बोलायच्या, अडलं की फ्रेंचवर जायच्या, आणि मग निखिल मराठी करून सांगायचा. त्यांनी आधी भिंतीवरचा एक फोटो दाखवला. त्यांचे वडील. अंगात मळका सदरा, हातात छाटणीची कात्री, उन्हाने डोळे बारीक केलेले. "माझे वडील," त्या म्हणाल्या, आणि एक बाटली उचलून तिच्यावर छापलेलं त्यांचं नाव दाखवलं. दरवर्षीच्या प्रत्येक बाटलीवर ते नाव असतं.

अण्णा, मी त्या फोटोपुढे जरा जास्तच उभी राहिले. आपल्या ओटीवर तुमचा फोटो आहे त्यात फोटोवाल्याने तुम्हाला कोट चढवलाय. तो कोट तुम्ही जन्मात घातला नाहीत. चढवा म्हणून त्याला मीच सांगितलं होतं.

आणि आता ती गोष्ट लिहायलाच हवी, जी मी तुम्ही असताना कधी तोंडावर आणली नाही. तुम्ही चाळीस-पंचेचाळीस वर्षं माडी काढलीत. भरात असताना अकरा माड, दिवसाला तीन खेपा. पहाटे चढायचं, दुपारी चढायचं, सांजेला चढायचं. माडाची पोय, तो मिटलेला फुलोरा, बांधायची, ठोकायची, कोयतीने कांद्याच्या सालीइतका पातळ काप घ्यायचा, मडकं उतरवायचं, दुसरं लावायचं. एक वेळ चुकली तर पोय सुकते, म्हणून माझ्या लग्नादिवशीसुद्धा तुम्ही पहाटेची खेप करून, आंघोळ करून मग मांडवात आलात. कधी माडीत पाणी घातलं नाहीत. पाववाला पीठ आंबवायला माडी न्यायचा ती फक्त आपल्याकडून. त्या माडीवर मी डी.एड. झाले, शिक्षिका झाले.

आणि मी सगळीकडे काय सांगितलं? वडील बागायतदार आहेत.

खोटं नव्हतं ते अगदी. वाडी होती, नारळ होते, चार सुपाऱ्या होत्या. शाळेत दारूबंदीवर निबंध लिहून घेणारी बाई मी, तिचा बाप माडीवाला, हे स्टाफरूममध्ये कसं सांगायचं? पण निखिलचं लग्न ठरत होतं तेव्हा मी कहर केला. मृणालचे वडील पुण्यात प्राध्यापक, घरात तीन पिढ्यांची पुस्तकं. ते वाडी बघायला रेवदंड्याला येणार म्हणून मी निखिललाही बजावून ठेवलं होतं, आजोबांच्या कामाचा विषय काढायचा नाही.

तुम्हाला मी काहीच सांगितलं नव्हतं. एका शब्दाने नाही. तरी त्या दिवशी मी पोचले तेव्हा कोयती, कमरेचा दोर, मडकी, सगळं तुम्ही मागच्या खोपटात नेऊन ठेवलं होतंत आणि इस्त्रीचा सदरा घालून ओटीवर बसला होतात. मृणालच्या वडिलांनी विचारलं, या माडांच्या बुंध्यांवर नंबर कसले हो? माडीच्या परवान्याचे सरकारी नंबर होते ते. मी पटकन म्हटलं, कृषिखात्याने झाडांची गणती केलीय. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "व्हय, गणती."

त्या दुपारी तुम्ही माडावर चढला नाहीत. तेव्हा तीनच माड चालू होते, त्यातल्या दोन माडांच्या पोया सुकल्या. आईने मला नंतर सांगितलं, तुम्ही नाही. 'जा, चढा' म्हणायला माझ्या तोंडात शब्द नव्हता का? होता. मी वापरला नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी मादामच्या मागून तळघरात उतरले. खाली खडीची जमीन, लाकडाची पिंपं, पलीकडे मोठ्या टाक्या, आणि वास. अण्णा, तो वास तुम्ही लगेच ओळखला असतात. आई पायरीवरच थांबली. मग एकेका टाकीजवळ जाऊन, डोळे मिटून, नाकाने श्वास घेत पुढे सरकत गेली. शेवटून दुसऱ्या टाकीपाशी थांबून म्हणाली, "ही व्हायची हाय अजून. बाकीच्या झाल्या."

निखिलने ते मादामना सांगितलं. मादामनी वळून आईकडे पाहिलं. ती टाकी खरोखरच मागे राहिली होती. तिच्यातली, डोंगराच्या वरच्या अंगाची द्राक्षं उशिरा उतरवली होती म्हणे. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, तुमच्या आईला हे कसं कळलं?

आणि मी, तीस वर्षांच्या सवयीने, काय सांगितलं असेल? म्हटलं, ती घरी लोणची घालते.

"काय सांगितलंस गो तिला?" आईने विचारलं. मी म्हटलं, लोणच्याचं सांगितलं. आईने टोपी सारखी केली फक्त.

मादामनी ग्लासांत थोडी थोडी लाल वाइन ओतली. घोट फिरवायचा, आणि गिळायचा नसेल तर थुंकायला बादली ठेवली होती. बादली बघून आईचा चेहरा असा झाला की मृणालने ती पायाने हळूच मागे सरकवली. मी म्हटलं, आई, तू नुसता हातात धर, प्यायला नको. आईने उभा जन्म माडी विकली, पण कधी तोंडाला लावली नाही, तुम्हाला माहीत आहे.

आईने ग्लास उजव्या हातात घेतला, खाली वाकली, आणि एका पिंपाच्या बुडाशी, खडीवर, सावकाश थोडी वाइन सोडली.

तुम्ही दर पहाटे सोडायचात तशी. पहिलं मडकं उतरलं की पहिली धार वाडीच्या राखणदार देवाला, काट्याकुट्यांच्या वईच्या कोपऱ्यातल्या त्या दगडापाशी, मग घरात. मी लहानपणापासून बघत आलेय. पण त्या तळघरात मला एवढंच दिसलं की मादामचा चेहरा पडला. त्यांना वाटलं असणार, या बाईंना आवडली नाही म्हणून ओतून टाकली. निखिल खिशातून कागदी रुमाल काढून पुसायला वाकला.

"पुसू नको," आई म्हणाली. "त्याचं हाय ते."

मादामनी विचारलं, काय म्हणतायत त्या? आणि निखिल, गुडघ्यावर बसलेला, हातात रुमाल, माझ्याकडे वर बघून म्हणाला, "आई, काय सांगू?"

मृणाल शेजारीच उभी होती. मी काहीही सांगू शकले असते. हात थरथरला म्हणून सांडली, थंडी बाधली, काहीही. निखिलने तेच फ्रेंचमध्ये केलं असतं आणि संध्याकाळी आम्ही घरी जाऊन वरणभात खाल्ला असता. पण आई माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. तुम्ही 'व्हय, गणती' म्हणालात तेव्हा आत दारात उभी राहून ती अशीच माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "खरं ते सांग. सांग, माझे वडील माडी काढायचे. पंचेचाळीस वर्षं. माडावर चढून, दिवसातून तीन वेळा. आणि पहिली धार ते राखणदाराला द्यायचे, म्हणून आजीने दिली." हे मी मराठीतच म्हटलं, मृणालकडे तोंड करून. माझा आवाज वर्गातल्यासारखा मोठा आला. तळघर घुमलं.

निखिलने सांगितलं. त्याला वेळ लागला, कारण माडीला फ्रेंच शब्द त्याला ठाऊक नव्हता. पण समजल्यावर मादामनी जे प्रश्न विचारायला सुरुवात केली, अण्णा, तसे प्रश्न तुम्हाला आयुष्यात कुणी विचारले नसतील. काप किती जाड घ्यायचा? पातं कशावर परजायचं? मडकं कशाने धुवायचं? किती तासांनी चव बदलते? आईने सगळी उत्तरं दिली, खडीवर बोटाने पोय काढून दाखवली. "सकाळची गोड, दुपारची आंबूस, सांजेची कडक, माणूस ओळखणारी." झाड कितव्या वर्षी धरायचं, कधी त्याला विसावा द्यायचा. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. तुमची मुलगी असून.

शेवटी मादाम म्हणाल्या, आमचं पीक वर्षातून एकदा येतं. चुकलं तर पुढच्या वर्षी बघू म्हणता येतं. या माणसाला रोज तीनदा बरोबर यावं लागत होतं. मग मला म्हणाल्या, त्यांचा कामावरचा एखादा फोटो आहे का?

मी म्हटलं, नाही. खरंच नव्हता. मी कधी काढू दिला नव्हता.

"माझ्याकडे आहे," मृणाल म्हणाली.

तिने मोबाइल काढला, थोडं मागे मागे गेली, आणि मादामपुढे धरला. व्हिडिओ होता. सकाळचं कोवळं ऊन, आपला विहिरीजवळचा माड, आणि वर झावळ्यांत तुम्ही. सत्तरीला टेकलेले, दोर कमरेला, एक पाय खाचेत. कोयतीचा तो कर्रकन आवाज. मग मडकं एका हाताने सोडवून खाली बघत तुमचं बोलणं, "बाय, जरा बाजूला रा. वरनं काय पडंल." आणि तिचं खालून हसणं.

मादामनी तो तीनदा बघितला. आई एकदाच बघून पिंपावर हात ठेवून उभी राहिली. 

गाडीत बसेपर्यंत मी थांबले. मग विचारलं, कधीचा आहे हा? मृणाल म्हणाली, आमच्या पहिल्या दिवाळीचा. ती दोघं रेवदंड्याला मुक्कामाला होती. तिला लवकर जाग आली, मागच्या दारी गेली, तर तुम्ही माडावरून उतरत होतात. तुम्ही तिला काही लपवलं नाहीत. राखणदाराची धार सोडायलाही तिलाच लावलंत. माडांवरच्या नंबरांचं सांगून दोघं पोट धरून हसलात म्हणे. माझ्या त्या गणतीला!

"आजोबा म्हणाले, तुझ्या सासूला कळू देऊ नकोस," मृणाल म्हणाली. मग तिने तुमचं बोलणं तुमच्यासारखंच सांगितलं. "तिला माजी लाज न्हाय वाटत. ल्हानपणी माडीवाल्याची पोर म्हून शाळेत पोरींनी तिच्या शेजारी बसायचं सोडलं हुतं, ती भीती हाय. भीती गेली का ती आपणच सांगंल. मी वाट बघतो."

अण्णा, राग आहे तो हा. तुम्ही तिला सांगितलंत, आणि सांगितलंय हे मला सांगितलं नाहीत. शाळेतलं ते माझं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. तुम्हाला कसं कळलं? कळल्यावर इतकी वर्षं तुम्ही इस्त्रीचे सदरे घालून, माना हलवून, माझ्या खोट्याला टेकू देत बसलात. वाट बघतो म्हणालात, आणि मला उशीर झाला. दीड वर्षाने उशीर झाला. हे मी कुणाला भरून देऊ?

गाडीत मी रडले ते तुम्हाला सांगत नाही. आईने जाकिटाच्या खिशातून भाकरीचा फडका काढून दिला आणि म्हणाली, "रड. आता मोकळं हाय."

पण तुम्हाला खरं सांगते, रडण्यापेक्षा छाती भरून येणंच जास्त होतं. ज्या देशात सगळं जग वाइन शिकायला जातं, तिथे एका जाणत्या बाईने तुमचा हात बघून मान लववली. माझे वडील, असं मी तिथे आठदहा वेळा म्हटलं असेन. दर वेळी आधीपेक्षा सोपं गेलं.

मे महिन्यात मृणालचे आईवडील चार दिवस रेवदंड्याला यायचे आहेत. मृणालने त्यांना अजून काही सांगितलेलं नाही, "आई, ते तुमचं काम आहे," असं मला म्हणाली. तर मी तुम्हाला शब्द देते. ते ओटीवर टेकले की, पाणी देऊन झालं की, मी समोर बसेन आणि सांगेन. निखिलला सांगू देणार नाही, आईला सांगू देणार नाही. पुढे जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा स्टाफरूममध्येही सांगेन. आणि वर्गातल्या एखाद्या मुलीशेजारची जागा तिच्या बापाच्या कामामुळे रिकामी दिसली, तर तिथे त्या दिवशी मी स्वतः जाऊन बसेन.

तुम्ही वाट बघत होतात. मी आले, अण्णा.

तुमची,
बेबी